गोल कमी, तरी जर्मनीत बारा वर्षं: आदाम सॉलॉईचं करिअर सोप्या भाषेत

आधी नावाचं उरकून घेऊ, नाहीतर पुढे सगळा घोळ होणार. हंगेरियन लोक आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं आडनाव आधी लावतात, म्हणजे आपला हा हंगेरियन फुटबॉलपटू घरच्या लोकांसाठी सॉलॉई आदाम, आणि आपण टीव्हीवर बघतो तेव्हा आदाम सॉलॉई. त्यांच्या स्पेलिंगमध्ये एस आणि झेड एकत्र आले की ‘स’ आणि नुसता एस आला की ‘श’, म्हणून बुडापेस्ट खरं तर बुदापेश्त आणि आपण ज्याला पुस्कास म्हणतो तो पुश्काश. आता गंमत अशी की सॉलॉई हंगेरीच्या ज्या टीमचा कॅप्टन होता त्याच टीममध्ये फॉरवर्ड लाइनला रोलांड शॉल्लॉई नावाचा दुसरा खेळाडू, आणि मागे डिफेन्समध्ये अतिला सॉलॉई नावाचा तिसरा. तिघांना सांभाळताना इंग्लिश कॉमेंटेटरची जी तारांबळ उडायची ना, तीच बघण्यासारखी असायची.

तर हा सॉलॉई. जन्म ९ डिसेंबर १९८७, बुदापेश्त. उंची १ मीटर ९३ सेंटिमीटर, म्हणजे सहा फूट चार इंच. सेंटर फॉरवर्ड, म्हणजे सगळ्यात पुढे उभा राहून गोल मारायची जबाबदारी असलेला स्ट्रायकर. जानेवारी २०१० मध्ये बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये आला आणि जानेवारी २०२२ मध्ये बाहेर पडला, बरोब्बर बारा वर्षं. आणि या बारा वर्षांत त्याचा सगळ्यात भारी सीझन कुठला, तर १३ गोलचा. तोही एकदाच. एरवी कधी चार, कधी सात, कधी जवळजवळ काहीच नाही.

मग प्रश्न येतोच की जो स्ट्रायकर गोलच मारत नाही त्याला जर्मनीसारख्या लीगमध्ये बारा वर्षं पगार कोण देतं आणि का देतं? याच प्रश्नाचं उत्तर देतो, जरा लांबण लागेल.

मी कोल्हापूरचा, फुटबॉल बघायला शिकलो तो शाहू स्टेडियमच्या गॅलरीत, आणि तिथे काही सीझन मी एका टीमचा एक उंचापुरा सेंटर फॉरवर्ड बघितलाय. बॉल त्याच्याकडे आला की हा गोलकडे पाठ करून उभा, मागून डिफेंडर त्याच्या टाचा सोलतोय, आणि हा बॉल पायाखाली धरून थांबलेला. दोन सेकंद, तीन सेकंद. मग बाजूने पळत आलेल्या पोराला हळूच सरकवून द्यायचा. माझ्या मागच्या पायरीवरचा एक काका प्रत्येक वेळी ओरडायचा, “आरं वळ की मर्दा, गोल तिकडं हाय!” आणि सगळी गॅलरी हसायची. मीपण हसायचो, खोटं कशाला बोलू. मग एका मॅचला तो सस्पेंड होता, त्याच्या जागी एक चपळ पोरगा आला जो सारखा वळत होता, आणि त्या दिवशी त्या टीमने मागून मारलेला प्रत्येक लांब बॉल भिंतीवर आपटल्यासारखा उलटा येत होता. डिफेन्सला श्वास घ्यायला वेळच मिळेना. हरले. काका गप्प.

सॉलॉई त्या उंच माणसाच्या जातीचा खेळाडू होता, फक्त लेव्हल आकाशाएवढी वेगळी.

नेमकं काय करतो असा स्ट्रायकर, ते जरा जवळून बघू. समजा आपल्या टीमवर दबाव आहे, डिफेंडरने घाबरून बॉल लांब उडवला. समोरच्या टीमचे दोन सेंटर बॅक, म्हणजे मधले डिफेंडर, वाटच बघतायत. आता आपला स्ट्रायकर काय करतो, बॉल हवेत असतानाच पाठीने मागच्या डिफेंडरला शोधतो, कंबर खाली घेतो, हात थोडे बाहेर पसरतो (ढकलायला नाही, ढकललं तर फाउल, नुसतं अंतर ठेवायला), आणि बॉल छातीवर किंवा मांडीवर असा घेतो की तो डिफेंडरपासून लांबच्या पायाकडे पडेल. आता डिफेंडरला बॉल हवा असेल तर त्याला या एवढ्या मोठ्या माणसाला वळसा घालावा लागणार, नाहीतर मागून लाथ मारावी लागणार, आणि लाथ मारली की फ्री किक. या दोन सेकंदांत आपले मिडफिल्डर तीस मीटर वर आलेले असतात. बॉल त्यांना दिला, काम झालं. स्कोअरबोर्डवर याची कुठेही नोंद नाही, पुढे दोन पासनंतर गोल झाला तर असिस्टही दुसऱ्याच्या नावावर.

क्रिकेटमध्ये सांगायचं तर नवा बॉल जुना करून देणारा ओपनर. त्याने ८० बॉलमध्ये २२ केले म्हणून सोशल मीडियावर शिव्या खाल्लेल्या असतात आणि लंचनंतर येऊन जो शतक ठोकतो त्याला माहिती असतं की हे कशामुळे शक्य झालं.

दुसरं काम म्हणजे बॉल नसताना पळणं. समोरच्या गोलकीपरने डिफेंडरला बॉल दिला की पहिला माणूस जो त्याच्या अंगावर धावून जातो तो स्ट्रायकर, आणि तो नुसता सरळ धावत नाही तर किंचित तिरका धावतो, जेणेकरून डिफेंडरचा एका बाजूचा पास बंद व्हावा आणि त्याला नाइलाजाने आपल्याला हव्या त्या बाजूलाच बॉल द्यावा लागावा, जिथे आपले तीन जण टपून बसलेत. यालाच प्रेसिंग म्हणतात आणि जर्मन कोचेसचं हे अगदी घरचं दुकान. जो स्ट्रायकर पहिली धाव चुकीची घेतो त्याच्यामागे सगळ्या टीमची मेहनत वाया जाते. कोच लोक व्हिडिओमध्ये हे बघतात, आपण हायलाइट्समध्ये बघत नाही, म्हणून त्यांचं आणि आपलं मत जुळत नाही.

आता करिअरकडे येऊ, कारण त्यातही नियमांची बरीच भानगड आहे जी समजली की कोण कुठे का गेलं ते कळतं.

पोरगा बुदापेश्तमधल्या क्लब्सच्या ज्युनियर टीम्समध्ये वाढला आणि २००४ मध्ये जर्मनीत स्टुटगार्टच्या अकादमीत गेला. हे साल लक्षात ठेवा. फिफाचा नियम असा की १८ वर्षांखालच्या खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात ट्रान्सफर करता येत नाही, मुलांचा बाजार होऊ नये म्हणून. पण त्याला काही अपवाद आहेत, आणि त्यातला एक म्हणजे युरोपियन युनियनच्या आतल्या आत १६ ते १८ वयाची मुलं जाऊ शकतात, शिक्षणाची आणि राहण्याची सोय क्लबने केली तर. हंगेरी युरोपियन युनियनमध्ये आली १ मे २००४ ला. सॉलॉई १६ चा झाला होता डिसेंबर २००३ मध्ये. म्हणजे ज्या वर्षी दार उघडलं त्याच वर्षी हा उंबरठ्यावर उभा. याच्या आधीच्या हंगेरियन पोरांना ही सोय नव्हती.

अजून मागे गेलात तर त्याहून बिकट. पुश्काश, कोचिश, त्सिबोर ही मंडळी १९५६ मध्ये होनवेद क्लबबरोबर युरोपियन कपसाठी देशाबाहेर असताना इकडे बुदापेश्तमध्ये सोव्हिएत रणगाडे आले, ते परत गेले नाहीत म्हणून बंदी पडली, आणि ती संपल्यावर १९५८ मध्ये पुश्काश रेआल माद्रिदला तर बाकी दोघे बार्सिलोनाला. तो विषय फार मोठा आहे, त्यात आत्ता शिरत नाही. फक्त एवढंच की हंगेरियन फॉरवर्ड परदेशात गेला की घरचे लोक त्याला पुश्काशच्या फुटपट्टीने मोजतात, आणि त्या फुटपट्टीने कोण उरणार सांगा.

२००७ मध्ये सॉलॉई चक्क रेआल माद्रिदला गेला. ऐकायला भारी वाटतं, पण तो गेला ‘कास्तिया’ला, म्हणजे रेआलच्या राखीव टीमला. स्पेनमध्ये अशा बी टीम्स वेगळ्या ज्युनियर लीगमध्ये खेळत नाहीत, त्या खालच्या डिव्हिजनमध्ये गावोगावच्या खऱ्याखुऱ्या सीनियर क्लब्सविरुद्ध खेळतात, फक्त मुख्य टीम असलेल्या डिव्हिजनमध्ये त्यांना चढता येत नाही. सॉलॉईच्या वेळी कास्तिया तिसऱ्या पातळीवर होती. विचार करा, कागदावर तुम्ही रेआल माद्रिदचे, आणि रविवारी सकाळी कुठल्यातरी गावातल्या मैदानावर तिशीतला एखादा दणकट डिफेंडर तुमच्या बरगड्यात कोपर खुपसतोय. वर मुख्य टीममध्ये जागा मिळायची शक्यता किती, तर जवळपास शून्य, कारण तिथे जगातले सगळ्यात महाग फॉरवर्ड विकत आणले जातात. सॉलॉई मुख्य टीमकडून एकही लीग मॅच खेळला नाही. पण मला वाटतं त्याचं ते पाठ गोलकडे करून बॉल धरायचं कसब तिथेच पक्कं झालं असणार, असल्या मैदानांवर बॉल धरता नाही आला तर दुसरं काही करताच येत नाही.

जानेवारी २०१० मध्ये तो लोनवर माइंत्सला आला. लोन म्हणजे खेळाडू उसना देणं: करार मूळ क्लबशीच राहतो, पण ठरलेल्या मुदतीसाठी नोंदणी दुसऱ्या क्लबकडे जाते, पगार कोणी किती द्यायचा हे दोघं आपापसात ठरवतात, आणि बऱ्याचदा शेवटी विकत घ्यायचा पर्याय असतो. उसनी आणलेली पातेली आवडली तर ठेवून घ्या, पैसे द्या. माइंत्सला आवडली, त्यांनी उन्हाळ्यात कायमचा घेतला.

माइंत्स तेव्हा छोटा क्लब, ब्रुखवेग नावाचं वीसेक हजारांचं स्टेडियम, आणि कोच कोण तर टोमास टुखेल, जो पुढे इंग्लंडचा कोच झाला, तेव्हा पस्तिशीतला अनोळखी माणूस. २०१०-११ च्या सीझनला या टीमने सलग पहिल्या सात मॅचेस जिंकल्या, म्हणजे बुंडेसलिगाच्या रेकॉर्डशी बरोबरी. त्यातली सहावी होती म्युनिकमध्ये बायर्नविरुद्ध, २५ सप्टेंबर २०१०. अलागीने माइंत्सला पुढे नेलं, मग माइंत्सच्याच बो स्वेन्सन नावाच्या डॅनिश डिफेंडरकडून स्वतःच्या गोलमध्ये बॉल गेला, १-१, आणि ७७ व्या मिनिटाला सॉलॉईने गोल मारून मॅच काढली. २-१. हा स्वेन्सन पुढे परत येणार आहे, नाव लक्षात असू द्या.

त्या टीममध्ये सॉलॉई, आंद्रे शुर्ले आणि लुइस हॉल्टबी असे तीन तरुण पोरं होते, गोल झाला की कॉर्नरच्या झेंड्याजवळ जाऊन बँड वाजवल्याची नक्कल करायचे, कोणी गिटार, कोणी ड्रम, कोणी गायक. लोकांनी नाव पाडलं ‘ब्रुखवेग बॉइज’. गणपतीच्या मिरवणुकीत ट्रॅक्टरवर चढलेल्या पोरांचा जो आविर्भाव असतो ना, तसाच.

आणि मग २०११ च्या सुरुवातीला गुडघा गेला. क्रूशिएट लिगामेंट. गुडघ्याच्या आत दोन पट्टे एकमेकांना फुली मारून असतात, मांडीचं हाड आणि पायाचं हाड एकमेकांवरून सरकू नये म्हणून धरून ठेवतात. पळताना पाय जमिनीत रुतला आणि अंग वळलं की पुढचा पट्टा फाटतो. फाटलेला आपोआप जुळत नाही, शरीरातूनच दुसरीकडचा एक तुकडा घेऊन तिथे बसवावा लागतो आणि मग तो नवीन तुकडा हाडात रुजायची वाट बघायची. आपल्याकडे कबड्डीवाल्यांना विचारा, बरोबर सांगतील. सॉलॉई जवळपास वर्षभर बाहेर. तेवीस वर्षांचा, नुकता गावात हिरो झालेला, आणि त्याच वर्षी शुर्ले आणि हॉल्टबी दोघेही दुसऱ्या क्लबला. बँड फुटला.

परत आल्यावर २०१२-१३ मध्ये तो सीझन आला, १३ गोलचा, त्यात होफेनहाइमविरुद्ध एकाच मॅचमध्ये तीन. आणि स्ट्रायकरचे १३ गोल झाले की बाजारात भाव येतो. २०१३ च्या उन्हाळ्यात शाल्कने त्याला घेतलं, बातम्यांमध्ये आकडा होता ८० लाख युरोच्या आसपासचा.

इथे एक नियम सांगतो कारण तो फार कमी लोकांना माहिती असतो. फिफाच्या नियमाप्रमाणे खेळाडू करार चालू असताना विकला गेला की किमतीतले ५ टक्के त्याला लहानपणी घडवलेल्या क्लब्सना वाटायचे असतात, वयाच्या १२ पासून २३ पर्यंत ज्याने जितकी वर्षं सांभाळला त्याप्रमाणे. पहिल्या चार वर्षांना पाव पाव टक्का, पुढच्या आठ वर्षांना अर्धा अर्धा. ८० लाखांवर ५ टक्के म्हणजे ४ लाख युरो, त्यातून बुदापेश्तच्या वाट्याला ढोबळमानाने १ टक्का धरला तरी ८० हजार युरो, छोट्या क्लबच्या ज्युनियर सेक्शनला ही काही लहान रक्कम नाही. पण त्या वेळी हा नियम फक्त एका देशातून दुसऱ्या देशात झालेल्या ट्रान्सफरला लागू होता. माइंत्स आणि शाल्क दोन्ही जर्मनीतले. त्यामुळे या मोठ्या सौद्यावर बुदापेश्तला नियमाने काहीच मिळायचं नव्हतं. २०२० मध्ये फिफाने ही फट बुजवली, म्हणजे सौदा एकाच देशात झाला तरी घडवणारा क्लब दुसऱ्या देशातला असेल तर त्याला वाटा मिळतो. सात वर्षं उशीर झाला, काय बोलणार.

शाल्कमध्ये सुरुवात दणक्यात झाली. चॅम्पियन्स लीगच्या मुख्य फेरीत जायची लढत होती ग्रीसच्या पाओकविरुद्ध, तिकडे जाऊन शाल्कने ३-२ जिंकली आणि त्यात सॉलॉईचे दोन. पण तिथे नंबर एकचा स्ट्रायकर होता डच क्लास-यान हुंटेलार, आणि तो दुखापतीतून परतला की सॉलॉई बाहेर. एका सीझनमध्ये क्लबने सोडून दिलं. २०१४ ला होफेनहाइम, तिथे गोल आटले, तिथून जानेवारी २०१६ ला लोनवर हानोफर, आणि ती टीम त्या वर्षी सरळ खालच्या डिव्हिजनला गेली.

याच काळात हंगेरीत त्याच्यावर राग होता. त्यात २०१४ मध्ये फिनलंडकडून घरच्या मैदानावर हरल्यावर तो टीव्ही कॅमेऱ्यासमोर आपल्याच देशातल्या फुटबॉलवर भडकला होता, की वर्षानुवर्षं आपण स्वतःला फसवतोय. खरं बोलला होता, पण जो माणूस स्वतः गोल मारत नाही त्याने खरं बोललेलं लोकांना चालत नाही, हे आपल्याकडेही सेमच.

तर जून २०१६. हंगेरी ३० वर्षांनी कुठल्या मोठ्या स्पर्धेत आलेली, शेवटची १९८६ च्या वर्ल्ड कपला, आणि युरोमध्ये, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत, तर १९७२ नंतर पहिल्यांदाच, म्हणजे ४४ वर्षं. पहिलीच मॅच ऑस्ट्रियाशी, बोर्दोमध्ये, १४ जूनला. शेजारी, जुने सत्ताभागीदार, आणि त्या वेळी कागदावर जास्त मजबूत. कोच बेर्न्ड श्टॉर्कने टीममध्ये सॉलॉईला घेतलं, ज्याला कितीतरी महिने गोल नव्हता. ६२ व्या मिनिटाला याने आपल्याच टीममधल्या क्लाइनहाइस्लरला बॉल दिला आणि थांबला नाही, दोन डिफेंडरच्या मधून आत घुसला, त्याने परत दिला, आणि गोलकीपर पुढे आलेला असताना पायाच्या टोकाने बॉल आत. म्हणजे बघा, आधी दिला आणि मग घेतला, दोन्ही कामं एकाच मूव्हमध्ये. त्यानंतर तो धावला तो सरळ गोलच्या मागच्या गॅलरीत, लोकांच्या अंगावर. ज्यांनी दोन वर्षं शिव्या घातल्या तेच लोक त्याच्या गळ्यात पडले होते. मॅच २-० जिंकली, हंगेरी ग्रुपमध्ये पहिली आली.

त्याच टीममध्ये नेमान्या निकोलिच नावाचा दुसरा स्ट्रायकर होता. हा अगदी उलट नमुना. पोलंडमध्ये लेगिया वॉर्साकडून २०१५-१६ च्या सीझनमध्ये २८ गोल, तिथून अमेरिकेत शिकागो फायरला गेला तर २०१७ मध्ये २४ गोल मारून लीगचा टॉप स्कोअरर. गोलांची नुसती बरसात. तरीही हंगेरीच्या टीममध्ये मोठ्या मॅचेसना पहिली पसंती बहुतेक वेळा सॉलॉईलाच. का? निकोलिच बॉक्समध्ये, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीत, बॉल आला तर गोल करणारा माणूस, पण हंगेरीसारखी टीम मोठ्या देशाशी खेळते तेव्हा बॉल बॉक्सपर्यंत न्यायचाच प्रश्न असतो. आधी विहिरीतून पाणी शेंदणारा लागतो, भांडी भरणारा नंतर. दोघांपैकी भारी कोण असा वाद घालण्यात अर्थ नाही, टीमला काय कमी पडतंय ते बघायचं. (मला विचाराल तर पोलंड आणि अमेरिकेत सॉलॉईने २४ मारले नसते, आणि बुंडेसलिगात निकोलिच बारा वर्षं टिकला नसता. पटलं नाही तर सोडून द्या.)

युरोनंतर होफेनहाइमला परतला तर तिथे कोच होता युलियान नागल्समान, तिशीच्या आतला, सॉलॉईच्याच वर्षाचा, दोघंही १९८७ चे. टीम २०१६-१७ ला चौथी, २०१७-१८ ला तिसरी. सॉलॉई पहिल्या पसंतीचा नव्हता, बरेचदा बेंचवरून यायचा. पण आघाडी टिकवायची असेल, शेवटची वीस मिनिटं बॉल लांब ठेवायचा असेल, तर असा माणूस बेंचवर असणं हे कोचसाठी पदरात बांधलेल्या पैशासारखं. २०१८-१९ ची पहिलीच मॅच बायर्नकडे म्युनिकमध्ये, होफेनहाइम ३-१ ने हरली, तो एक गोल याचाच.

२०१९ ला परत माइंत्स. आणि इथे सप्टेंबर २०२० मध्ये ती घटना घडली जी जर्मन फुटबॉलमध्ये क्वचितच घडते. क्लबने त्याला सांगितलं की तुझा आता मुख्य टीममध्ये विचार नाही, वेगळा ट्रेनिंग कर. क्लबच्या म्हणण्याप्रमाणे कारण खेळाचं, पण बातम्यांमध्ये त्याचा संबंध कोरोनाच्या काळात थांबवलेल्या पगाराच्या वादाशी जोडला गेला, ज्यात तो खेळाडूंच्या बाजूने बोलत होता. त्यावर काय झालं, तर बाकीच्या खेळाडूंनी ट्रेनिंगलाच यायचं नाकारलं. संप. बुंडेसलिगात. एका राखीव स्ट्रायकरसाठी, ज्याच्या नावावर फार गोलही नव्हते. याच्यापेक्षा मोठं सर्टिफिकेट काय असू शकतं मला माहिती नाही, कारण ड्रेसिंग रूममधले लोक तक्त्यातले आकडे बघत नाहीत, कोण कोणासाठी पळतो ते बघतात. त्यानंतरची मॅच टीम हरली आणि कोच बायरलॉर्ट्सरची नोकरी गेली.

माइंत्सची हालत फार वाईट झाली. १७ मॅचेस, म्हणजे अर्धा सीझन, आणि खिशात फक्त ७ पॉइंट. जानेवारी २०२१ मध्ये नवीन कोच आणला, कोण? बो स्वेन्सन. तोच, म्युनिकमध्ये स्वतःच्या गोलमध्ये बॉल घालणारा, ज्याची चूक सॉलॉईच्या गोलने झाकली गेली होती. सॉलॉई परत टीममध्ये आला होता, आणि दुसऱ्या अर्ध्यात माइंत्सने ३२ पॉइंट काढून १२ वा नंबर गाठला. हे सगळं सॉलॉईमुळे झालं असं म्हणणार नाही, ते खोटं होईल. पण जो माणूस काही महिन्यांपूर्वी बाजूच्या मैदानावर वेगळा ट्रेनिंग करत होता तोच आता पुढून पहिली धाव घेत होता.

त्याच वर्षी जूनमध्ये युरो. (नाव २०२० चं, खेळली गेली २०२१ ला.) हंगेरीचा ग्रुप म्हणजे पोर्तुगाल, फ्रान्स, जर्मनी, लोक हसत होते. २३ जूनला म्युनिकमध्ये जर्मनीशी मॅच, धो धो पाऊस, आणि ११ व्या मिनिटाला शॉल्लॉईने उजवीकडून क्रॉस टाकला आणि सॉलॉई हुमेल्स आणि गिंटर या जर्मन डिफेंडर्सच्या मधून पाण्यात सूर मारावा तसा आडवा झेपावला, हेडर, बॉल जर्मन गोलकीपर नॉयरला चकवून आत. एका आडनावाकडून जवळजवळ त्याच आडनावाला, कॉमेंटेटर गार. तेच स्टेडियम, जिथे २०१० ला मारला होता, २०१८ ला मारला होता. पुढे जर्मनीने ६६ व्या मिनिटाला बरोबरी केली, आणि सेंटरवरून परत बॉल सुरू झाल्या झाल्या सॉलॉईने बॉल आत उचलला, हंगेरीचा शेफर धावत आला, हेडर, २-१. दोन मिनिटांत. ८४ व्या मिनिटापर्यंत जर्मनी त्यांच्याच घरात स्पर्धेबाहेर होती, मग गोरेत्स्काने बरोबरी केली आणि हंगेरी बाहेर गेली. मी त्या रात्री एकटाच उठून पाणी प्यायला गेलो आणि बराच वेळ फ्रिजसमोर उभा होतो.

जानेवारी २०२२ मध्ये स्वित्झर्लंडला बाझेल क्लबकडे गेला, जर्मनीचं पर्व संपलं. पण देशासाठी सगळ्यात भारी वर्ष तेच निघालं. जूनमध्ये नेशन्स लीगला, म्हणजे युरोपातल्या देशांच्या दुसऱ्या एका स्पर्धेत, हंगेरीने इंग्लंडला इंग्लंडमध्ये जाऊन ४-० ने हरवलं, कॅप्टन सॉलॉई, आणि त्या चारमध्ये त्याचा एकही गोल नाही. आता इथपर्यंत वाचलं असेल तर याचं आश्चर्य वाटायला नको.

सप्टेंबरमध्ये त्याने सांगून टाकलं की पुढच्या दोन मॅचेस शेवटच्या. पहिली २३ तारखेला लाइपत्सिगला जर्मनीशी. १७ व्या मिनिटाला हंगेरीला कॉर्नर, टीममधला सोबोस्लॉई मारणार. उंच माणूस कॉर्नरला सहसा गोलच्या मध्यावर उडी मारायला उभा असतो आणि डिफेंडर त्याला तिथेच बांधून ठेवतात. हा शेवटच्या क्षणी पुढच्या खांबाकडे पळाला, म्हणजे गोलपासून लांब, बॉलच्या दिशेने. बॉल कमरेएवढ्या उंचीवर येत होता, डोक्याला खाली आणि पायाला वर अशी अडनिडी उंची. याने गोलकडे पाठ ठेवूनच उडी मारली आणि उजव्या पायाची टाच मागून वर आणून बॉलला नुसता स्पर्श केला. बॉल वर गेला, जर्मन गोलकीपर टेर श्टेगनच्या डोक्यावरून लांबच्या कोपऱ्यात. १-० आणि तोच स्कोअर शेवटपर्यंत राहिला.

तीन दिवसांनी बुदापेश्तमध्ये, पुश्काशच्या नावाच्या स्टेडियममध्ये, इटलीशी शेवटची मॅच. हंगेरी ०-२ ने हरली. ८६ वी मॅच, गोल २६ वरच राहिले, आणि तो बदली खेळाडूला जागा देऊन बाहेर यायला लागला तेव्हा सगळं स्टेडियम उभं होतं.